पूजेत मांडलेला कट्टा

बाजारात झेंडूचे ढीग दिसू लागले की नोकरीतली एक केस माझ्यासमोर येऊन उभी राहते. खून, दरोडे, मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या आणि निवृत्तीनंतर त्यातल्या बऱ्याचशा विसरलोही. ही विसरता आली नाही. नावे देत नाही, कारण त्या घरातली मुले आता मोठी झाली आहेत आणि त्यांना याच शहरात राहायचे आहे.

मी तेव्हा नाशिक शहराच्या कडेच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. हद्द मोठी विचित्र होती. एका अंगाला अंबडचे कारखाने, दुसऱ्या अंगाला फुलांचे आणि भाजीपाल्याचे मळे, आणि मधल्या पट्ट्यात रोज नवे फलक लावणारे प्लॉटवाले. जिथे शेताचे प्लॉट होतात तिथे पोलिसांना कामाची कधी ददात पडत नाही.

दसऱ्याचा बंदोबस्त नुकताच संपला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एका खासगी रुग्णालयातून ठाणे अंमलदाराला फोन आला, की पोटात गोळी लागलेली बाई दाखल झाली आहे. गोळी म्हटल्यावर मी स्वतः गेलो. बाई मळ्यातली, चाळिशीची, शुद्धीवर होती. बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता. सदरा रक्ताने भिजलेला, नजर जमिनीला लागलेली. त्याला पाहताच मी ओळखले.

वर्षभरापूर्वी या शेतकऱ्याने शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला होता. असा अर्ज आयुक्तालयात जातो आणि चौकशीसाठी ठाण्यात येतो. त्याला बोलावून विचारले, बंदूक कशाला हवी?

"साहेब, आमच्या भागातला प्लॉटचा एजंट मळ्यातून रस्ता मागतोय. नाय म्हटलं तर त्यानं शर्ट वर करून कमरंचं पिस्तूल दाखवलं. त्याच्याकडं ते हाय, माझ्याकडं काय? खुरपं?"

एजंटाला मी चांगला ओळखत होतो. मारामारीचे दोन-तीन गुन्हे नावावर, गळ्यात जाड साखळी, बोलणे उद्धट. त्याला बोलावून दम दिला, प्रतिबंधक कारवाई करून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेतले. परवान्याच्या अर्जावर मात्र प्रतिकूल अभिप्राय दिला. वाद जमिनीचा होता, दोन्हीकडची डोकी तापलेली होती, अशा ठिकाणी हत्यार देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. परवाना नामंजूर झाला. तेव्हा हा मला भेटायला आला.

"म्हंजे कायदा पाळणाऱ्यानं मार खायचा आन् न पाळणाऱ्यानं पिस्तूल मिरवायचं, असंच ना साहेब?"

"काही झालं तर केव्हाही फोन कर. गाडी पाठवतो."

"गाडी येस्तोवर काय करू, ते पण सांगा की."

तो नमस्कार करून निघून गेला.

आणि आता त्याची बायको आत पडली होती. डॉक्टर म्हणाले, जबाब घ्यायचा तर लवकर घ्या. पद्धतीप्रमाणे विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना बोलावले. बाई जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला, आणि आम्हा पोलिसांना बाहेर थांबवून मृत्युपूर्व जबाब नोंदवला गेला. तिने सांगितले, "मी ओट्यावर उभी होते. एजंट मोटरसायकलवर आला. रस्ता देता का नाही म्हणाला. मी नाही म्हटलं, तर त्यानं गोळी घातली." एवढे बोलून तिने अंगठा उमटवला. पुढे जेमतेम दोन दिवस काढले आणि ती गेली.

सर्वसामान्य वाचकांना कदाचित कल्पना नसेल, पण मृत्युपूर्व जबाबाला न्यायालयात फार वजन असते. मरणाच्या दारात माणूस खोटे बोलत नाही, या समजुतीवर कायद्याने ते वजन दिलेले आहे. तेवढ्या एका जबाबावर माणसाला जन्मठेप होऊ शकते. एजंटाला आम्ही घोटीतल्या त्याच्या नातेवाइकाकडून उचलले. मी दसऱ्यापासून इथेच आहे, असे तो ओरडून सांगत होता. मोबाईलही घोटीच्याच टॉवरवर होता. पण असले लोक मोबाईल घरी ठेवून कामाला निघतात, हे आम्हाला पाठ होते. साक्षीदार म्हणाल तर सगळे त्याचेच मेहुणे-पाहुणे. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?

गावाने मोर्चा काढला. फाशी द्या, अशा घोषणा झाल्या. ठाण्यातही कुणाला वाईट वाटत नव्हते. एक हवालदार तर म्हणाला, "साहेब, सुंठीवाचून खोकला गेला." मी त्याला गप्प केले, पण माझ्याही मनात वेगळे काही नव्हते. माणूस आवडत नसला की त्याच्याविरुद्धचा पुरावा आपल्याला फार लवकर पटतो. हा दोष पोलिसांतच असतो असे नाही, पण पोलिसांत असला की दुसऱ्याचे आयुष्य जाते.

हत्यार मात्र मिळेना. एजंटाच्या घराची, गाडीची झडती घेतली. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये पिस्तूल सापडले तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. हातात घेतले तर हलके लागले. घोडा दाबला, तशी टोकाला ज्योत पेटली. तो सिगारेटचा लायटर होता.

"शेतकऱ्याला दाखवलंस ते हेच?" मी विचारले.

"हेच साहेब. दम द्यायला घेतलं होतं. लोक घाबरतात. धमकी दिली, नाकारत नाही. त्या बाईला अगं-तुगं पण केलंय. पण आईशप्पथ सांगतो, गोळी मी नाही मारली. खरं पिस्तूल जन्मात हातात धरलं नाही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणून मी ते सोडून दिले.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनीही एक गोष्ट सांगितली होती. गोळी खालून वर गेली होती, चांगलीच तिरपी. आम्ही त्याचाही अर्थ लावला. बाई ओट्यावर उभी, मारणारा खाली मोटरसायकलवर बसलेला, म्हणजे गोळी वरच जाणार. ओट्याची उंची मोजून पंचनाम्यात लिहिली. शेजारच्या मळ्यांत चौकशी केली, तर आवाज सगळ्यांनी ऐकला होता आणि सगळ्यांना तो फटाका वाटला होता. मोटरसायकल कुणीच पाहिली नव्हती. सणाच्या दुसऱ्या दिवशी कोण रस्त्याकडे बघत बसतो, असे म्हणून आम्ही तेही पोटात घातले.

मग एके दिवशी दुपारी मृत बाईचा भाऊ ठाण्यात आला. सिन्नरकडचा शेतकरी, मितभाषी. रामकुंडावर दशक्रिया उरकून तो सरळ माझ्याकडे आला होता. खुर्चीच्या कडेवर टेकला. चहा दिला, तो निवून गेला.

"साहेब, मला बहिणीचं घर मोडायचं नाय," तो म्हणाला. "पण झोप लागत नाय. एक गोष्ट सांगतो. ती काय हाय ते तुम्हीच बघा."

"बोला."

"दसऱ्याला सोनं द्यायला मी तिच्याकडं गेलो व्हतो. दरसाल जातो. आधी दाजींच्या पूजेला नमस्कार करायचा, मग एकमेकाला सोनं द्यायचं, ही आमची रीत. ह्या वर्षी दाजी दारातच आडवे उभे राहिले. म्हणले, पाहुणं, बाहेरूनच नमस्कार करा. दसऱ्याच्या पूजेला कधी कुणी कुणाला आडवतं का, साहेब? मला वाटलं माझं काय चुकलं. बहिणीकडं बघितलं तर तिनं मान खाली घातली. निघताना एवढंच म्हणली, 'दादा, ही पूजा उद्या हलली का मी सुटले.'"

एवढे सांगून तो उठला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "तो एजंट वाईटच हाय. पण फासावर जायचा तर त्यानं जे केलं त्यासाठी जावा."

दसऱ्याला शेतकरी घरातली सगळी हत्यारे-अवजारे धुऊन पुसून पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो, झेंडू घालतो. ती पूजा येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावी म्हणूनच मांडलेली असते. ती झाकून ठेवण्यासारखे त्या घरात काय होते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पण मेलेल्या बाईच्या शब्दाविरुद्ध माझ्याकडे होता फक्त एका मेहुण्याला दारात अडवल्याचा किस्सा. तेवढ्यावर एजंट सुटला नसता, आणि मला गप्प बसणेही जमले नसते.

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला जबाबासाठी बोलावले. माझ्याच खोलीत बसवले. आवाज चढवला नाही. दुखवट्यातल्या माणसाला दरडावून काही मिळत नाही, तो आणखी आत जातो. फुलांचे विचारले. दसऱ्याला भाव पडला, तोडलेला माल बांधावर टाकावा लागला, असे तो सांगत राहिला. मग विचारले, पूजेत काय काय मांडले होते?

"नेहमीचंच. इळा, कोयता, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, पान्हे."

"आणखी?"

"आणखी काय असणार, साहेब?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला. आमच्या शस्त्रागाराच्या दारावर दसऱ्याचे तोरण वाळून लटकलेले होते. पोलीस ठाण्यातही दसऱ्याला शस्त्रपूजा होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. खरे सांगायचे तर मी काही सापळा लावला नव्हता. पुढे काय विचारावे ते सुचेना, म्हणून बोलत राहिलो. म्हणालो, "आमच्याकडेही पूजा असते. रायफली, पिस्तुलं सगळी मांडतो. फक्त मी आधी एकेक उघडून बघतो. रिकामी केल्याशिवाय पाटावर ठेवू देत नाही."

त्याने मान वळवली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जिवंतपणा आला, एखाद्या जाणत्याने नवख्याची चूक काढावी तसा.

"रिकामं हत्यार कुठं पुजतात का, साहेब? लक्ष्मीपूजनाला रिकामी तिजोरी मांडतो का आपण? सुगडं रिकामी पुजतो का? पंपात पण मी पाणी भरून ठेवतो. रिकामं पुजलं तर ते वर्षभर..."

आणि तो थांबला. पंप सोडला तर भरायचे असे काही त्याच्या त्या यादीत नव्हते. इळ्यात काय भरणार आणि कोयत्यात काय भरणार? हे मला कळले तसे त्यालाही कळले. मग तो टेबलावर डोके ठेवून रडला. मी पोलीस खात्यात अनेकांना रडताना पाहिले आहे, पण पुरुषाचा तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

परवाना नाकारल्यावर त्याने गावठी कट्टा घेतला होता. अंबडच्या एका चहाच्या टपरीवर ओळख निघाली, त्या ओळखीतून मध्य प्रदेशच्या सीमेकडून आलेला कट्टा मिळाला. महिनोन्‌महिने तो धान्याच्या कोठीत पडून होता. बायकोने पाहिला तेव्हा दोन दिवस ती जेवली नाही. घराबाहेर काढा म्हणून रोज मागे लागायची. दसरा आला. घरात हत्यार आहे आणि ते पुजायचे नाही, हे त्याच्या मनाला पटेना. सगळ्या अवजारांच्या मागे, झेंडूच्या राशीखाली त्याने तो ठेवला, आणि रिकामे पुजू नये म्हणून आत काडतूस भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मळ्यात गेला. खुरपणीच्या बायका यायच्या होत्या, खुरपी घ्यायला त्या थेट घरात शिरतात. कट्टा त्यांच्या नजरेला पडायच्या आत तिथून काढावा म्हणून बाईने अक्षता टाकून पूजा हलवली. कट्ट्याला हात लावायची तिला भीती वाटली असणार. म्हणून तिने सगळा पाटच उचलला. पाट कलला, कट्टा घसरला आणि शहाबादी फरशीवर आपटला. गावठी मालाच्या खटक्याचा भरवसा नसतो. गोळी खालून सुटली आणि थेट तिच्या पोटात गेली.

"मी पळत आलो," तो म्हणाला. "तिला फुलांच्या पिकअपमधे टाकली. रस्त्यात मी म्हणालो, पोलिसांना खरं सांगतो. तिनं माझा हात धरला. म्हणली, 'मी जगत नाय. तुम्ही आत गेलात तर पोरांनी कुणाकडं बघायचं? पोरीचं लग्न व्हायचंय. त्या एजंटाचं नाव घ्या. तो नायतरी कधी चांगला व्हता?' दवाखान्याच्या दारापर्यंत तेच तेच बोलत राहिली. मला वदवून घेतलं, साहेब."

पंचांसमक्ष त्याने कट्टा काढून दिला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शेततळ्यात टाकला होता. पिशवी सोडली तर मुठीच्या खाचांत हळद-कुंकू तसेच होते. बांधावर टाकलेला झेंडू कुजून काळा पडला होता आणि त्याचा उग्र वास सगळ्या मळ्यात भरून राहिला होता.

गाडीत बसताना शेतकरी मला म्हणाला, "तुम्ही परवाना दिला असता तर कंपनीची चांगली बंदूक घेतली असती. ती पडली म्हणून सुटली नसती. माझी बायको आज असती."

मी त्याला म्हणालो, "तीही तू भरूनच पुजली असतीस." मी बरोबर होतो, पण तसे बोलायची ती वेळ नव्हती. त्या माणसाचे सगळे गेले होते.

एजंटाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात पाठवला आणि त्याची सुटका झाली. पाया पडेल असे वाटले होते. त्याने पहिले काय केले असेल? शस्त्र परवान्याचा अर्ज. शेतकऱ्याच्या भावकीकडून जिवाला धोका आहे, असे कारण लिहिले होते. मी पुन्हा प्रतिकूल अभिप्राय दिला. तो आला आणि म्हणाला, "साहेब, मग आम्ही करायचं काय?" ज्याच्यामुळे शेतकऱ्याने कट्टा घेतला, तोच आता शेतकऱ्याचा प्रश्न मला विचारत होता. लायटरच्या भीतीने कट्टा आला, आणि कट्ट्याच्या भीतीने हा अर्ज.

हल्ली व्याख्यानाला बोलावले की कुणीतरी हमखास विचारते, सामान्य माणसाला बंदूक मिळायला हवी की नको? काही म्हणतात, कायदा इतका कडक करा की कट्टा दिसता कामा नये. काही म्हणतात, गुंडांना मिळतो तर आम्हाला का नाही? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या, तेव्हा मी त्या पाहत असे. बहुतेक गंजलेल्या, काही वरातीत मिरवून चकचकीत झालेल्या. त्यातल्या एकीनेही दरोडा परतवल्याचे माझ्या नोकरीत माझ्या कानावर आले नाही. घरच्या माणसाला लागल्याचे मात्र दोनदा आले.

म्हणून माझे मत पक्के आहे, परवाना हात आखडूनच द्यावा. घरात आलेले हत्यार गुंडाला घाबरवायच्या आधी घरच्यांना घाबरवते. ती बाई एजंटाला घाबरून दोन दिवस उपाशी राहिली नव्हती, कोठीतल्या कट्ट्याला घाबरून राहिली होती. पण एखाद्याला "तुला बंदूक नाही" असे सांगितले, की त्याच्या दारात उभे राहायची जबाबदारी आपली होते, हेही मी तितकेच मानतो. गाडी येईपर्यंत काय करू, या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नसेल तर लोक ते टपरीवर शोधतात. परवाना नाकारणाऱ्या कागदाबरोबर भीती नाकारता येत नाही.

शेतकऱ्याला शस्त्र कायद्याखाली आणि निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याबद्दल शिक्षा झाली. दोषारोपपत्र पाठवण्याआधी त्याची मुलगी मला भेटायला आली होती. कॉलेजात शिकणारी, शांत. धाकट्या भावाला बाहेर बसवून ती एकटी आत आली.

"सर, आई खोटं बोलली, असं कोर्टात लिहिणार तुम्ही?"

"लिहावं लागेल, बाळा. नाहीतर एक माणूस विनाकारण तुरुंगात जाईल."

तिने मान हलवली. तिला ते समजत होते. ती म्हणाली, "मग एवढं पण लिहा ना, की स्वतःसाठी नाही बोलली. आमच्यासाठी बोलली."

मी होय म्हणालो. पण दोषारोपपत्रात असे काही लिहायची पद्धत नसते, आणि मी ते लिहिले नाही. ते आज इथे लिहितो आहे.